अँकर म्हणून कोपरगावला

कोपरगावला लोक लग्नकार्याला जातात, साखर कारखान्याच्या कामाला जातात, नाहीतर शिर्डीहून परत जाताना रेल्वे पकडायला जातात. मी रस्सीखेचीला गेले होते. माझं वय चव्वेचाळीस. मी नगरच्या एका विधी महाविद्यालयात एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आता नगरचं अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवर कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो आणि आम्हीही तसंच म्हणतो.

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा घर एकदम रिकामं झालं आणि मी कायद्याला प्रवेश घेतला. वर्गातल्या मुली मला काकू म्हणतात. शिक्षक ताई म्हणतात, कारण त्यातले निम्मे माझ्यापेक्षा लहान आहेत.

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक मोठा फलक आहे. त्यावर 'वर्गाबाहेरील यश' असं सोनेरी अक्षरात लिहिलंय आणि खाली दोन फोटो आहेत. दोन्ही वृक्षारोपणाचे, आणि नीट पाहिलं तर दोन्हींत झाड एकच. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि त्याआधी त्या फलकावर काहीतरी लागलं पाहिजे, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत आमची जोडी पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण दोघंही चुकून एकाच पक्षाच्या बाजूनं बोलले. मग कोपरगावला विधी महाविद्यालयांचा क्रीडा महोत्सव असल्याचं कळलं आणि मुलींच्या रस्सीखेचीला संघ पाठवायचं ठरलं.

क्रीडा विभाग शेळके सरांकडे आहे. सर संविधान शिकवतात, अंगानं काडीसारखे आहेत, आणि हा विभाग त्यांच्याकडे का आला हे त्यांनाही माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, कोपरगावला अँकर म्हणून तुम्हीच हव्यात. नाही म्हणू नका."

मला भरून आलं. आमच्या कॉलनीत गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या सेवानिवृत्तीला सूत्रसंचालन मीच करते. माझं नाव कॉलेजपर्यंत गेलं म्हणायचं. सर पुढे म्हणाले की अँकरला वजन लागतं आणि आपल्या कॉलेजात ते फक्त तुमच्याकडे आहे. मी म्हटलं, तुमचा मोठेपणा. सरावाला यायला जमलं नाही तरी चालेल, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, असंही त्यांनी सांगितलं: सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं, आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. म्हणजे आभारप्रदर्शनही माझ्याकडेच, असा मी अर्थ लावला.

हे सगळं मी मिस्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. वजनाचं ऐकल्यावर ते "खरंय" म्हणाले आणि पाणी प्यायला उठून आत गेले. बराच वेळ आतच होते.

नगर ते देवळाली प्रवरा

आम्ही क्रूझर जीपनं निघालो. संघातल्या सात मुली, आठवी मी, पुढे ड्रायव्हरशेजारी सर. सगळ्यांच्या पायाखाली सरावाचा जाडजूड दोर अजगरासारखा वेटोळं घालून पडला होता. माझ्या पिशवीत मोरपंखी पैठणी, गजरा, आणि रात्री जागून तयार केलेल्या चारोळ्यांची कार्डं होती.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. जे गेलेत त्यांना सांगायची गरज नाही आणि जे जाणार आहेत त्यांनी निदान उत्साहानं तरी निघावं. गळीत हंगाम सुरू होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर डुलत चालले होते. एक ट्रॉली आमच्या इतकी जवळून जात होती की हात बाहेर काढला तर उसाचं टिपरू हातात यावं. मुलींनी हात काढलेही. सरांनी मागे वळून सांगितलं की ही चोरी होते. त्यावर आमची कॅप्टन सायली म्हणाली की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉलीतला ऊस ओढून खायची या भागात रूढी आहे, म्हणजे मालकाची मूक संमती धरता येते. सायलीला कुणी नमस्कार केला तरी ती त्यात दोन मुद्दे काढते. सर म्हणाले, रूढी कायद्याच्या विरोधात असून चालत नाही. सायली म्हणाली, रूढी प्राचीन असली तर? वाद चांगला रंगला. तो मिटेपर्यंत ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्याला वळून गेला होता आणि ऊस कुणालाच मिळाला नाही.

जेवायला आम्ही देवळाली प्रवराला थांबलो. संघातल्या आरतीचं घर तिथं आहे, चहूबाजूंनी ऊस आणि मधे घर. आरती कमी बोलते. बारावीपर्यंत तिनं घरची गुरं सांभाळली, त्यामुळे दोर तिच्या हातात शोभून दिसतो. तिच्या आईनं आमच्यासाठी येसर आमटी, बाजरीची भाकरी आणि ठेच्याचं जेवण केलं होतं. आमच्याकडे नगरला, सावेडीत येसर आमटी लग्नात मिळते तेवढीच, आणि तीही पाणी घालून वाढवलेली. इथली आमटी भाकरीवर ओतली की तिथंच थांबत होती. दोनदा घेतली. तिसऱ्यांदा नको म्हणाले तर आरतीची आई म्हणाली, "घ्या वं ताई, तुमच्यावर तर सगळा संघ उभा हाय." मी लाजून वाटी पुढे केली.

जेवण झाल्यावर सर म्हणाले की उद्या स्पर्धेआधी सगळ्यांची वजनं होणार आहेत, तर इथं अंदाज घेऊ. आरतीच्या चुलत्यांकडे सोयाबीनची पोती मोजायचा काटा होता. एकेक मुलगी त्यावर चढली. मी अर्थातच बाजूला उभी होते. तेवढ्यात सर म्हणाले, "आधी अँकरला घ्यायला हवं होतं."

मला आश्चर्य वाटलं, पण पाहुण्यांच्या घरी वाद नको म्हणून मी चप्पल काढून चढले. मनात म्हटलं, स्टेज कच्चं असेल. चुलत्यांनी काटा पाहिला, मला पाहिलं, आणि आकडा मोठ्यानं वाचला. तो मी इथं देणार नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्या आकड्याला टाळ्या पहिल्यांदाच पडल्या. चुलते म्हणाले, "ताई, तुमी खाली बसल्या ना, तर कारखान्याचा ट्रॅक्टर बी जागचा हलायचा न्हाई." त्यांचा स्वर इतका आदराचा होता की मी नमस्कार केला.

निघायच्या आधी मी अंगणात सगळ्यांना एक चारोळी म्हणून दाखवली, सराव म्हणून. त्यात दोर, मैत्री आणि गोदावरी तिन्ही आलं होतं. सगळ्यांना आवडली. फक्त सर थोडे गोंधळलेले दिसले. पण ते बऱ्याचदा तसे दिसतात.

कोपरगाव

दुपार कलताना पोचलो. मैदान छान होतं, कडेनं निलगिरी, एका बाजूला मांडव आणि स्टेज. उद्घाटन तासाभरात होतं. मुलींच्या खोलीत जाऊन मी पैठणी नेसले, गजरा माळला, कार्डं हातात घेतली आणि थेट स्टेजवर गेले.

तिथं माईकपाशी रिया नावाची तिथल्याच कॉलेजची एक बारीकशी मुलगी उभी होती. मी तिला प्रेमानं सांगितलं की बाळा, तू दमली असशील, अँकर मी आहे. ती म्हणाली की अँकर तर ती आहे. आम्ही दोघींनी एकमेकींना दोनदा हे सांगितलं. मग तिनं कागद काढून माझं नाव शोधलं आणि बोट ठेवून दाखवलं: संघातली आठवी खेळाडू, आणि पुढे कंसात अँकर.

एवढ्यात शेळके सर धावत आले. माझा अवतार पाहून त्यांना सगळं समजलं आणि त्यांचा चेहरा पाहून मला. रस्सीखेचीत दोराच्या शेवटच्या टोकाला जो सगळ्यात भरभक्कम खेळाडू असतो त्याला अँकर म्हणतात, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. दोर त्याच्या काखेतून, पाठीवरून आणि खांद्यावरून जातो. त्यानं सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं असतं आणि जागा सोडायची नसते.

मी स्टेजच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. राग आला होता, लाज वाटत होती, आणि सगळ्यांनी वजनावरून केलेली कौतुकं एकेक करून आठवत होती. नगरची एस.टी. किती वाजता आहे हे विचारायला मी मिस्टरांना फोन केला आणि झालेलं सांगितलं. ते म्हणाले की त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तू कॉलेजसाठी पहिल्यांदाच कुठंतरी निघाली होतीस. सांगितलं असतं तर गेली नसतीस," ते म्हणाले. "आता गेलीच आहेस, तर ओढून ये."

फोन ठेवला तर आरती शेजारी येऊन बसली होती. तिनं सांगितलं की आधीच्या आठव्या मुलीचं लग्न ठरल्यामुळे तिला घरून सोडलं नव्हतं. सात जणींचा संघ घेत नाहीत. तुम्ही नसाल तर आम्ही उद्या न खेळता परत. एवढं बोलून ती गप्प बसली. सायली असती तर तिनं दहा मुद्दे मांडले असते आणि मी एस.टी. पकडली असती. आरतीच्या गप्प बसण्यापुढे माझं काही चाललं नाही.

संध्याकाळी मुलींनी मला गोदावरीवर फिरायला नेलं. आमच्या नगरच्या सीना नदीला पाणी बघायचं तर पावसाळ्यात मुहूर्त लागतो. इथं हिवाळ्यातही नदी भरून वाहत होती, काठावर बायका दिवे सोडत होत्या, एक म्हातारा शांतपणे रेडिओ ऐकत बसला होता. मुलींनी मला घाटाच्या पायऱ्यांवर टाच रोवून मागे रेलायला शिकवलं. पैठणीतच. म्हाताऱ्यानं रेडिओ बंद केला आणि आमच्याकडे तोंड करून बसला.

मैदानावर

सकाळी कपड्यांचा प्रश्न आला. कॉलेजनं जो ट्रॅकसूट आणला होता तो लग्न ठरलेल्या मुलीच्या मापाचा. तो माझ्या गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हता. शेवटी आरतीनं माझ्या साध्या साडीचा घट्ट काष्टा मारून दिला. पायात माझ्या नाजूक पट्ट्यांच्या चपला होत्या, त्या चालणार नव्हत्या. संघात माझ्या मापाचे बूट एकाच माणसाचे निघाले, शेळके सरांचे. मी ते घातले. सरांना अनवाणी कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी माझ्या चपला घातल्या. दिवसभर सर मैदानाच्या कडेनं सोनेरी पट्ट्यांच्या चपलांत येरझाऱ्या घालत होते.

तिसरा संघ परीक्षेमुळे आलाच नव्हता, म्हणून थेट अंतिम सामना. समोर संगमनेरच्या बाजूच्या मुली होत्या आणि त्यांची कॅप्टन होती प्राजक्ता, चष्मेवाली, सायलीइतकीच तयार. पंच म्हणून पवार सर होते. निवृत्त क्रीडाशिक्षक, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. तीनपैकी दोन डाव जिंकायचे.

पहिला डाव मी पाहिलाच नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी पदर खोचत होते. पुढचं एवढंच आठवतं की मैदान माझ्याखालून वेगानं निघून गेलं.

दुसऱ्या डावाला मी टाचा रोवल्या आणि मागे रेलले. मला वाटलं होतं की फार जोर लावावा लागेल. लावावा लागला नाही. मी नुसती होते. समोरच्या आठ जणी ओढत राहिल्या, मी तिथंच राहिले. दोर माझ्या पाठीवर थरथरत होता, पुढे सातजणी कण्हत होत्या, आणि माझ्या मनात एक विचित्र शांतता होती. घरात एवढी वर्षं मी हेच करत आले होते, फक्त तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नव्हतं. मग समोरून हळूहळू बळ सुटत गेलं. आरती म्हणाली, "काकू, आता मागं," आणि मी एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. आम्ही डाव जिंकला. सरांनी माझ्या चपलांत उडी मारली आणि एक पट्टी तुटली.

तिसरा डाव निर्णायक. दोन्ही संघ जागचे हलेनात. उन्हं चढली होती, प्रेक्षक उभे राहिले होते, दोराच्या मध्यावरचा लाल रुमाल दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. आणि नेमकं तेव्हा स्टेजवरून रियाचा आवाज आला की जेवण तयार आहे, तरी सर्वांनी मांडवात येऊन लाभ घ्यावा.

समोरच्या आठही जणींनी दोर सोडला. आम्ही सगळ्या धाडकन मागे पडलो, सर्वांत खाली मी, आणि लाल रुमाल माझ्या मांडीवर आला.

आम्ही जिंकलो म्हणून ओरडलो. पवार सर शिट्टी तोंडात धरून उभेच होते. तेवढ्यात प्राजक्ता चष्मा पुसत पुढे आली आणि म्हणाली, "पंच महोदय, आमची हरकत आहे."

कबड्डीच्या मैदानावर अशा वेळी मारामारी झाली असती. इथं दोन्ही संघ विधी महाविद्यालयांचे. घाम पुसून सगळ्या जणी समोरासमोर ओळीत उभ्या राहिल्या. प्राजक्ताचं म्हणणं असं की घोषणा आयोजकांच्या माईकवरून झाली, ती आयोजकांची आज्ञाच, म्हणजे खेळ तिथं थांबला. सायलीचं म्हणणं असं की खेळ फक्त पंचाच्या शिट्टीनं थांबतो, आणि जेवायला या हे आमंत्रण आहे, आज्ञा नाही, ते नाकारताही येतं. पवार सर म्हणाले, पुन्हा ओढा आणि मोकळे व्हा. दोन्ही कॅप्टन एका सुरात म्हणाल्या की मूळ मुद्द्याचा निर्णय झाल्याशिवाय फेरडाव घेता येणार नाही.

सुनावणी मांडवात झाली, जेवता जेवता. वांग्याची भाजी उत्तम होती. पवार सर मधे पाटावर, दोन्ही बाजूंना पंगती. आधी रियाची साक्ष झाली. तिनं रडवेल्या आवाजात सांगितलं की पुऱ्या गार होत होत्या. मग प्राजक्तानं मला बोलावलं. मी ताट बाजूला ठेवून उभी राहिले.

"तुम्ही जेवणाची घोषणा ऐकली?"

"ऐकली. मलाही भूक लागली होती."

आमच्या पंगतीत कुजबुज झाली. सायलीनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे खेळ थांबला असं तुम्हालाही वाटलं. मग तुम्ही दोर का सोडला नाही?"

"सोडणार कसा?" मी म्हटलं. "माझ्या कमरेला बांधलेला होता."

मांडवातल्या आचाऱ्यानंही झारा खाली ठेवला. दोराला गाठ मारणं नियमात बसत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या डावात फरफटत गेल्यावर भीतीनं मी स्वतःच एक गाठ मारून घेतली होती आणि वरून पदर खोचला होता. प्राजक्ताचे डोळे चमकले. सायली उठली आणि म्हणाली की साक्षीदार गृहिणी असून 'बांधला' हा शब्द तिनं बोलीभाषेत, गुंडाळला या अर्थानं वापरला आहे. मला विचारण्यात आलं की गाठ होती का. मी हात वर करून सांगितलं की होती, निरगाठ होती, आणि चांगली घट्ट होती. खोटं सांगायला मी कायदा शिकत नाही. शेळके सर आपल्या, म्हणजे माझ्या, तुटक्या चपलेकडे बघत होते.

त्यावर सायलीनं वेगळीच दिशा घेतली. गाठ होती तर ती दुसऱ्या डावातही होती, आणि त्या डावावर समोरच्यांनी वेळेत हरकत घेतली नाही. प्राजक्ता म्हणाली, हरकत कशी घेणार, ती पदराखाली लपली होती. मग पदर खोचणं म्हणजे लपवणं होतं का, यावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तिघी बोलल्या. पवार सरांनी दोनदा चहा मागवला. चाळीस वर्षं मैदानावर काढली, असं ते म्हणाले, पण पंचाला शिव्या न देता कुणी एवढं भांडलेलं पाहिलं नाही. हळूहळू त्यांनाही रस यायला लागला. ते टोपी काढून प्रश्न विचारायला लागले, आणि ते प्रश्न बरे होते.

ऊन उतरलं. मांडववाल्यानं खुर्च्या गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा पवार सर उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आहे, विषय गुंतागुंतीचा आहे, नियमपुस्तिका घरी आहे, म्हणून निकाल राखून ठेवत आहे. पुढच्या महिन्यातली एक तारीख त्यांनी दिली. दोन्ही संघांनी वाकून नमस्कार केला.

परतताना प्राजक्तानं मला मिठी मारली आणि विचारलं की काकू, तुम्ही पुढच्या तारखेला येणार ना. मी म्हटलं, येणार.

नगरला पोचल्यावर प्राचार्यांनी सरांना विचारलं की काय मिळालं. सर म्हणाले, तारीख. समिती आली तेव्हा फलकावर आमचा आठ जणींचा फोटो लागलेला होता आणि खाली 'निकाल प्रलंबित' असं लिहिलं होतं. समितीतल्या एका सदस्यांनी ते वाचून समाधानानं मान हलवली, असं मला कळलं.

मात्र आता एक अडचण आली आहे. पवार सरांनी दिलेल्या तारखेलाच आमचा साक्षीपुराव्याच्या कायद्याचा पेपर आहे. म्हणून सायलीनं काल तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज पाठवला. समोरच्या संघानं त्याला अजिबात हरकत घेतलेली नाही. त्यांचाही पेपर त्याच दिवशी आहे.